बाग बंद, बॅटरी चालू

टेकडीवरच्या मोठ्या बागेत फाटकापासून काचघरापर्यंत बॅटरीवर चालणारी एक पांढरी गाडी होती, आणि ती चालवणाऱ्या बाईला सगळी बाग ड्रायव्हरबाई म्हणायची. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, आवाज असा की गाडीचा भोंगा बंद पडला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि चालायचा कंटाळा असलेल्या तरुणांना ती वर नेऊन सोडायची आणि वाटेत झाडांची माहिती द्यायची. त्यातली निम्मी माहिती खरी असायची, उरलेली वळणावर तयार व्हायची. एका फताड्या पानांच्या झाडाला तिने असंच एकदा ‘सासूचा पंखा’ म्हणून टाकलं, तर वर्षा-दोन वर्षांत माळीसुद्धा त्याला तेच म्हणायला लागले.

एका सकाळी टेकडीची संरक्षक भिंत कोसळली. कुणाला लागलं नाही. एक पुतळा तेवढा गाडला गेला, आणि तो कुणाचा होता हे आठवेपर्यंत लोकांचं हळहळून झालंही होतं. साहेबांनी, म्हणजे बागेच्या अधिकाऱ्यांनी, बाग बेमुदत बंद केली. दोन्ही गाड्या शेडमध्ये लावायच्या, ताडपत्री टाकायची, किल्ल्या ऑफिसात द्यायच्या, विषय संपला.

दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता मिशीवाला. त्याने मिशी एवढी जोपासली होती की बाकीचा माणूस तिला मागून टांगल्यासारखा दिसायचा. त्याने गाडी आत घातली, ताडपत्री ओढली आणि हात झटकले.

“मेन स्विच बंद केलास का?” ड्रायव्हरबाईने विचारलं.

“कशाला? गाडी तर बंदच आहे.”

“अरे, पण चार्ज तरी कर. अर्ध्यावर आहेत बॅटऱ्या.”

“बाई, बॅटरी म्हणजे अस्वल,” मिशीवाला म्हणाला. “गुपचूप झोपून राहते. तिला उठवायचं नसतं.”

“अस्वल उठतं तेव्हा उपाशी असतं, एवढं लक्षात ठेव. आणि तुझ्यात खाण्यासारखं मिशीशिवाय काही नाही.”

तिला गाडीचा फार पुळका होता असं कुणी समजू नये. मागे एकदा झाडांना रोग पडला म्हणून बाग अशीच लांबलचक बंद होती. तेव्हा तीही निवांत घरी बसली होती. बाग उघडली तर सगळ्या बॅटऱ्या मेलेल्या. नव्या यायला इतका उशीर लागला की तोवर साहेबांनी तिला खुरपं देऊन गवत काढायला बसवलं. उकिडवं बसून बसून तिच्या गुडघ्यांनी असा काही सूर लावला की घरात शिरण्याआधी नवऱ्याला ती आल्याचं कळायचं. त्या वेळी तिने मनाशी ठरवलं, की यापुढे आपली बैठक गादीच्या सीटवरच. आणि सीट वाचवायची तर सीटखालच्या बॅटऱ्या वाचवायला हव्यात.

म्हणून तिने वायरमनला चहा पाजून सगळं विचारून घेतलं. बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते. उतरलेली तशीच ठेवली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, आणि तो एकदा कडक झाला की मग कितीही चार्ज करा, ती घेत नाही. तेव्हा ठेवताना पूर्ण भरून ठेवायची, मेन स्विच काढायचा, कारण गाडी झोपली तरी तिच्या आतलं काही ना काही बारीक बारीक करंट पीत असतं. महिन्या-महिन्याला पुन्हा चार्ज करायची. चार्ज झाल्यावर आतलं पाणी बघायचं आणि प्लेटा बुडतील इतकं घालायचं. पाणीही डिस्टिल्ड. नळाचं चालत नाही.

“लाड आहेत!” ती म्हणाली. “आमच्या घरी सगळे नळाचं पितात.”

पण तिने सगळं केलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनलांवरचं हिरवं-पांढरं किटण जुन्या टूथब्रशने घासून काढलं, वरून व्हॅसलीन फासलं. तो टूथब्रश अजून जुना झालेला नव्हता, हे नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं.

पहिल्या महिन्याला ती चार्ज करायला गेली तर शेडमध्ये वीजच नाही. भिंतीच्या ठेकेदाराच्या माणसांनी खोदताना केबल तोडली होती आणि वर माती ओढून ते निर्दोष चेहऱ्याने पुढे सरकले होते. ती ऑफिसात गेली. क्लार्क मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

“शेडची लाइट गेलीय. गाडी चार्जिंगला घरी नेते.”

“न्या,” क्लार्क म्हणाला. त्याने मान वर केली नाही. ‘घरी’ हा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचला की नाही, देव जाणे. तिने तो पोचला असं धरलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि निघाली.

गाडी रस्त्यावर चालवायला मनाई होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानांची शटर उघडायच्या आत, ती गल्लीबोळांतून निघाली. नवरा पुढे चालत होता. तो व्यवसायाने न्हावी, आणि झेंडा म्हणून काठीला बांधायला त्याच्याकडे दुकानातला पांढरा ॲप्रनच होता. त्यामुळे ही वरात कुठेतरी हरून शरण जायला निघाल्यासारखी दिसत होती. एक कुत्रं आधी भुंकलं, मग या वेगाला भुंकण्यात अर्थ नाही असं बघून सोबत चालू लागलं.

नवऱ्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि मागे छोटं अंगण. गाडी तिथे बसली, म्हणजे अंगणात दुसरं काही बसेनासं झालं. चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायची. गाडी आत पडवीत घ्यायला ती कबूल नव्हती. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, उघड्या हवेतच ठेवायचं, असं वायरमनने बजावलं होतं. त्यामुळे अंगणात बिडी-सिगारेट बंद. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण पुढच्याच आठवड्यात त्यांना शोध लागला की गाडीच्या सीटा दुकानातल्या बाकड्यापेक्षा कितीतरी मऊ आहेत. मग ज्याचा नंबर लागायचा असेल तो मागे जाऊन गाडीत बसायला लागला. नवरा आतून ओरडायचा, “पुढच्या सीटवरचे या!”

या सगळ्याकडे घरातली एक व्यक्ती तोंड वाकडं करून बघत होती. सासूबाई. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे निकामी, जीभ शाबूत. कित्येक वर्षांत त्या अंगणाच्या पुढे गेल्या नव्हत्या. दवाखान्यात न्यायचं तरी चौघांनी खुर्ची उचलायची, आणि ते चौघे नंतर आठवडाभर पाठ चोळत बसायचे. सुनेशी त्यांचं भांडण असं नव्हतं, पण दोघींनी एकमेकींना सवलत कधी दिली नव्हती.

“ही बया इथे कधीपर्यंत आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“कोण, मी?” ड्रायव्हरबाई म्हणाली.

“तू तर आहेसच. ही गाडी.”

चार्ज झाल्यावर ड्रायव्हरबाई गल्लीतून एक चक्कर मारायची. नुसता आकडा बघून बॅटरी कळत नाही, ओझं टाकल्यावर तिचा खरा स्वभाव दिसतो, असं तिचं म्हणणं. ते बरोबर होतं की फिरायला निमित्त होतं, हे वायरमनलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या महिन्यात ती अशीच निघाली, तर सासूबाई दारात काठी टेकून उभ्या.

“ओझं पाहिजे ना तुला?”

“पाहिजे.”

“मग मी काय कमी आहे?”

गाडीची पायरी खाली होती आणि बाजूला दार नव्हतं. सासूबाई आधी पाठ करून सीटवर टेकल्या, मग नवऱ्याने त्यांचे पाय उचलून आत घेतले. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि सासूबाईंनी डोळे मिटले. ड्रायव्हरबाईला वाटलं, म्हातारी घाबरली.

“आई, हळू घेऊ का?”

“याच्याहून हळू गेलीस तर मागे जाशील,” सासूबाई म्हणाल्या. “चल, डावीकडे घे.”

डावीकडे त्यांची एक जुनी शेजारीण राहायची, जिच्याशी त्यांचं हाडवैर होतं. गाडी तिच्या दारासमोर थांबवून सासूबाईंनी भोंगा वाजवायला लावला. शेजारीण काठी टेकत बाहेर आली.

“अजून आहेस होय तू?” सासूबाई म्हणाल्या. “बरं, चाललं आहे ना? चालू दे.” आणि सुनेला, “चल पुढे.”

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई दुप्पट जेवल्या.

यानंतर गाडीची चक्कर महिन्याची राहिली नाही, आठवड्याची झाली. रस्त्यावरची मनाई तोवर ड्रायव्हरबाई सोयीने विसरली होती. सासूबाई आदल्या दिवशीच ठरवून ठेवायच्या, उद्या कुणाकडे. मैत्रिणींपेक्षा शत्रूंकडे जास्त जायच्या. मैत्रिणी रडतात, त्यांनी डोकं उठतं, असं त्यांचं मत. ड्रायव्हरबाई चार्जिंग करायची, पाणी बघायची, टर्मिनल पुसायची. सहा बॅटऱ्यांपैकी पाच हाताशी होत्या. सहावी मागच्या कोपऱ्यात, एका लोखंडी पट्टीखाली दडलेली. तिचं बूच काढायला पोटावर आडवं पडून, नवऱ्याचा दाढीचा आरसा धरून, सिरिंजने पाणी सोडावं लागे. दोन-तीनदा तिने ते केलं. मग एकदा म्हणाली, मागल्या वेळी ठीक होती, तर आत्ताही असेल. त्याच्या पुढच्या वेळीही तेच म्हणाली. त्यात आता फेऱ्या वाढलेल्या, चार्जिंग वाढलेलं, आणि जितकं चार्जिंग तितकं पाणी उडतं. हे तिला माहीत होतं. पण पोटावर आडवं पडायचा कंटाळा त्याहून जास्त माहीत होता.

एके दिवशी सासूबाई गाडीत बसल्या आणि नेहमीसारखं डावीकडे-उजवीकडे काही बोलल्या नाहीत.

“कुठे?” ड्रायव्हरबाईने विचारलं.

“नदीपलीकडे.”

नदीपलीकडे एकच माणूस होतं. सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे ड्रायव्हरबाईची मावससासू. दोघी बहिणी बोलत नव्हत्या. एका लग्नात फोटो काढताना धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती, “ताई, जरा मागे सरक, तुझं नाक मावत नाहीये.” तेव्हापासून अबोला. त्यानंतर दोघींची मुलं म्हातारी व्हायला आली, पण नाकाचा विषय काही मिटला नाही.

“आई, ते लांब आहे. आणि वाटेत चढ आहे.”

“मग? तुझ्या बॅटऱ्या ठणठणीत आहेत म्हणून सांगत असतेस ना जगाला?”

ड्रायव्हरबाईने गाडी पुलाकडे वळवली. पूल ओलांडेपर्यंत गाडी छान चालली. चढावर तिचा दम कमी झाला. वळणावर एक पायी चाललेला माणूस तिला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने दयेने मागे वळून बघितलं. मावशींच्या घरासमोर पोचता पोचता गाडीने एक हेलकावा घेतला आणि उभी राहिली. नेमकी फाटकात. ना आत, ना बाहेर.

मावशी ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

“कोण आलंय?”

“नाक आलंय,” सासूबाई म्हणाल्या. “पाठीमागून मीही येतेय.”

मावशींनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं. त्या उठायला गेल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांचेही गुडघे त्याच घराण्यातले. मग तिथूनच म्हणाल्या, “एवढी वर्षं लागली यायला?”

“गाडी हळू आहे,” सासूबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरबाईने मावशींच्या सुनेच्या मदतीने सासूबाईंना ओट्यावर बसवलं आणि सीट उचलली. पाच बॅटऱ्यांत पाणी बरोबर होतं. सहावीसाठी तिने पोटावर आडवं पडून मावशींच्या घरातला आरसा धरला, आणि तोंडातून अशी शिवी काढली की मावशींच्या सुनेने कानांवर हात ठेवले. प्लेटा उघड्या पडलेल्या. वरचा भाग कोरडा, चुना लावल्यासारखा.

तिने नवऱ्याला फोन केला. “डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन या. मावशींच्या घरी.”

“कुणाच्या मावशी?”

“तुमच्या!”

फोनवर वस्तरा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नवरा म्हणाला, “आई जिवंत आहे ना?”

“दोघी आहेत. अजून तरी. पण तुम्ही लवकर या.”

नवरा सायकलवरून आला तो अंगातल्या ॲप्रनसकट. दुकानात तो एका गिऱ्हाइकाची एका गालाची दाढी करून आला होता. ते गिऱ्हाईक दुकानात एकटं बसायला नको म्हणून स्वतःच्या सायकलवरून मागोमाग आलं होतं, एका बाजूने साहेब, दुसऱ्या बाजूने चोर. त्याला मावशींनी चहा दिला.

प्लेटा जेमतेम बुडतील इतकंच पाणी ड्रायव्हरबाईने घातलं, कारण रिकामी बॅटरी काठोकाठ भरली तर चार्ज होताना ॲसिड बाहेर उतू जातं. चार्जर सीटखालीच होता. मावशींच्या अंगणात वायर ओढली आणि आता दिवसभर बसणं आलं.

दोन्ही बहिणी ओट्यावर शेजारी शेजारी. मग मावशी म्हणाल्या, “मी खोटं बोलले नव्हते. नाक मोठंच आहे.”

“आईचं होतं. मला मिळालं. तुला काय मिळालं? बाबांचे कान.”

“झाकता येतात कान.”

“म्हणून तर तुला कुणाचं ऐकू येत नाही.”

आणि मग जे सुरू झालं ते दुपारचं जेवण, चहा, पुन्हा चहा, काहीही असलं तरी थांबलं नाही. मेलेल्या नातेवाइकांचा एकेक करून पंचनामा झाला. कुणी कुणाची साडी परत दिली नाही, कोणता काका बायकोला घाबरून माळ्यावर झोपायचा, कोणत्या आत्याचे केस खरे नव्हते. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक जायचं विसरून ऐकत बसलं. एका क्षणी दोघी इतक्या हसल्या की मावशींना ठसका लागला, आणि सासूबाईंनी त्यांची पाठ थोपटायला हात उचलला, तो तिथेच ठेवला. बराच वेळ.

ड्रायव्हरबाई गाडीपाशी उभी राहून हायड्रोमीटरमध्ये ॲसिड ओढून बघत होती. आतला तरंगता खुंट वर यायला पाहिजे, म्हणजे बॅटरी भरतेय. पाचांत तो झोकात वर आला. सहावीत अर्ध्यावर येऊन थांबला. तिने पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. तिचा जीव खट्टू झाला. तिला वाईट वाटलं ते बॅटरीचं की आपल्या आळसाचं, यात ती फार खोल शिरली नाही. पण ओट्यावरच्या हशाकडे बघून ती नवऱ्याला म्हणाली, “पाणी भरलं असतं ना मी, तर आई भोंगा वाजवून दोन शब्द टाकून परत आल्या असत्या.”

“मग पुढच्या वेळीही भरू नकोस,” नवरा म्हणाला.

“गप्प बसा.”

भिंत बांधून झाली आणि साहेब शेडमध्ये आले. बाग उघडायच्या समारंभाला वरचे एक मोठे अधिकारी येणार होते, आणि त्यांच्या पायाचा अंगठा सुजलेला, चालणं शक्य नव्हतं. मिशीवाल्याने ताडपत्री काढली. बॅटऱ्यांच्या टर्मिनलांवर हिरवं पीक आलेलं, आणि ऑफिसातून वायर ओढून चार्जर लावला तर काटा हललासुद्धा नाही. अस्वल काही उठलं नाही. शेजारची जागा तर रिकामीच.

साहेब तडक ड्रायव्हरबाईच्या घरी आले. अंगणात गाडीत पुढच्या सीटवर एक गिऱ्हाईक पेपर वाचत होतं, मधल्या सीटवर एक पेंगत होतं, आणि मागच्या सीटवर सासूबाई पाय ताणून बसल्या होत्या.

“हे बागेचं वाहन आहे की बाकडं?” साहेब कडाडले.

“तुमचा नंबर तिसरा,” सासूबाई म्हणाल्या. “दाढी की कटिंग?”

ड्रायव्हरबाई ओले हात पुसत आली. साहेबांनी परवानगीचं विचारलं, तिने क्लार्कचं नाव सांगितलं. साहेबांनी नियमांचं सांगितलं, तिने तुटलेल्या केबलचं सांगितलं. मग ती सीटवर चढली, मेन स्विच लावला, पेपरवाल्याला उतरवलं आणि सासूबाईंसकट गाडी अंगणातल्या अंगणात हातभर पुढे-मागे करून दाखवली. साहेबांनी चाकांकडे बघितलं. सुजलेला अंगठा त्यांच्या डोळ्यांपुढे दिसत असावा.

“उद्या सकाळी घेऊन या,” ते शेवटी म्हणाले. “आणि हे असलं पुन्हा करू नका.”

“आधी शेडची केबल जोडा, मग करायला लागणार नाही.”

सहाव्या बॅटरीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. समारंभात ते मोठे अधिकारी काचघरापर्यंत आरामात पोचले. पुढे टोकाच्या मनोऱ्याचा चढ होता. तिथे त्यांना न्यायचं तिने टाळलं. “वर काही नाही बघण्यासारखं,” ती म्हणाली, “नुसतं दृश्य आहे.” अधिकारी हसले आणि परतले. मिशीवाल्याच्या हाती खुरपं आलं, आणि पहिल्याच आठवड्यात तो गुडघ्यांसाठी तेल विचारायला तिच्याकडे आला. तिने दिलं, पण आधी अस्वलांची खुशाली विचारून.

घरी मात्र अंगण मोकळं झालं आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. जेवण परत येऊ लागलं. “माझं काय,” त्या म्हणायच्या, “मी शेडमध्येच बरी.” दोन दिवस ऐकल्यावर ड्रायव्हरबाई बागेतून परतली ती आपल्याच गाडीची दोन तिकिटं घेऊन, रांगेत उभं राहून काढलेली. तिने मावशींच्या सुनेला फोन केला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी नवऱ्याने सासूबाईंना चौघांकरवी टॅक्सीत बसवून खालच्या फाटकात आणलं, मावशींना त्यांच्या सुनेने. दोघींना मागच्या सीटवर कोंबलं, पुढे चार पाहुणे बसले, आणि गाडी निघाली. ड्रायव्हरबाईने तोंड उघडलं, “तर मंडळी, हे डावीकडे दिसतंय त्या झाडाचं नाव...”

“काही नाव-बिव नाही त्याला,” सासूबाई मागून म्हणाल्या. “ही मनानेच ठेवते.”

“तुझ्यासारखीच आहे म्हणजे,” मावशी म्हणाल्या. “तू नाही का सांगायचीस, आपल्या आजोबांनी वाघ मारला?”

“मारला होता!”

“मांजर होतं ते, ताई. आणि ते पळून गेलं.”

पुढचे चारही पाहुणे माना वळवून मागे बघू लागले. झाडांकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही. काचघराशी उतरताना त्यांतल्या एकाने ड्रायव्हरबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “या दोघी रोज असतात का? आम्ही पुढल्या खेपेला पाहुण्यांना घेऊन येऊ.”

“आठवड्यातून एकदा,” ड्रायव्हरबाई म्हणाली. “पण सांभाळून बसा त्यांच्या पुढे. त्यांना चार्जिंग लागत नाही.”